टँकरच्या पलीकडे

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. तहानलेल्यांना ते मिळाले, हे योग्यच झाले. मात्र मांजरा धरण कोरडे का पडले, या प्रश्नाचे खापर एकट्या पावसावर फोडून सारे मोकळे झाले. त्याच खोऱ्यातील उसाचे मळे आणि साखर कारखाने काही पावसाने उभे केलेले नाहीत! १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर ठरला. भूमिहीनही हक्कदार झाला, ऊस वर्ज्य ठरला. आपल्या कार्यकर्त्यांनी टँकरसाठी मोर्चे जरूर काढावेत; परंतु त्याच निवेदनात धरणाचे पाणी कोणत्या पिकाला किती गेले, याचा हिशेबही मागावा.