गुणतक्त्यात विश्रांतीलाही जागा हवी

पहाटे साडेपाचला मैदानाभोवती किंवा टेकडीच्या रस्त्यावर एकाच रंगाचे टी-शर्ट घालून धावणारे गट आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत; जिल्ह्याच्या गावीही ते दिसतात. यातील काही क्लब सभासदांसाठी हंगामभराची गुणस्पर्धा भरवतात. पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत आठ-दहा शर्यती, प्रत्येक शर्यतीत क्रमांकानुसार गुण आणि शेवटी बेरजेवर विजेता, असा साधा मामला असतो. कल्पना चांगलीच आहे. एका मोठ्या शर्यतीसाठी चार महिने राबायचे आणि मग वर्षभर बूट कोपऱ्यात टाकायचे, ही सवय तिने मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोमदार व्यायाम सांगितला, त्यातही भर सातत्यावरच आहे.

गोम आहे ती बेरजेत. दहापैकी दहाही शर्यतींचे गुण धरले, तर एका अनुपस्थितीला शून्य मिळते आणि त्या शून्याने विजेतेपद हातचे जाते. मग अंगात कणकण असली, नडगी ठणकत असली, तरी माणूस रविवारी सुरुवातीच्या रेषेवर हजर होतो. त्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे, पण तो नियमाने शिकवले तेच करत असतो. क्लबचा गुणतक्ता ही एका अर्थी औषधाची चिठ्ठीच असते. मात्रा त्यात लिहिलेली असते आणि सभासद ती निमूटपणे घेतात.

आपल्याकडे या मात्रेला ऋतूचीही जोड आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असते, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, आणि बहुतेक क्लबांचे वेळापत्रक या दोन टोकांच्या मध्ये बसते. नेमक्या याच हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात डेंगी, चिकुनगुनिया आणि इतर विषाणूजन्य तापांनी दवाखाने भरलेले असतात. डेंगीत तर ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वात जोखमीचे. या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब घसरू शकतो, रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या असतात. ‘शुक्रवारी ताप गेला, रविवारी धावतो’ हा हिशेब म्हणून घातक ठरतो. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन धावणे त्याहून वाईट. डेंगीत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि घाम गाळून शरीरातले पाणी कमी झाले असताना त्या मूत्रपिंडांवरही ताण आणतात. विषाणूजन्य आजारात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. अशा वेळी जोरात धावल्यास हृदयाचे ठोके प्राणघातक रीतीने बिघडू शकतात. ही सूज निदान झालेल्या खेळाडूला तीन ते सहा महिने स्पर्धेपासून दूर ठेवले जाते.

याचा अर्थ धावणे घाबरण्याजोगे आहे असा नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींचा अभ्यास झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या घटना ५९ आढळल्या, आणि कारण सापडले त्यांच्यापैकी बहुतेकांत मुळात हृदयविकार होता. धोका कमी आहे आणि तो कमीच राहावा, यासाठीच आजारात थांबण्याची मुभा नियमातच हवी.

हाडांचे गणित वेगळे. सरावाचा भार वाढला की हाड आधी जुना भाग काढून टाकते आणि मग नवा बांधते, त्यामुळे मधले काही आठवडे ते उलट कमकुवत असते. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाड आणि स्नायुबंध मागे राहतात. याच फटीत सूक्ष्म तडा जातो. बोट ठेवून दाखवता येईल अशी एका ठिकाणची वेदना, धावताना वाढणारी आणि एका पायावर उडी मारल्यास चमकणारी, ही त्याची खूण. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून ‘काही नाही’ असे समजून पुढची शर्यत धावली जाते. वेळीच थांबल्यास बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भागते. हट्टाने धावल्यास पूर्ण हाड मोडते. खाणे अपुरे पडून मासिक पाळी अनियमित झालेल्या महिला धावपटूंनी तर अशा वेदनेकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

उपाय अवघड नाही आणि तो खेळाच्या जगात जुना आहे. सर्व निकाल न मोजता फक्त उत्तम निकाल मोजायचे. फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत १९८८ साली १६ पैकी उत्तम ११ निकाल धरले जात. अलँ प्रोस्टने एकूण १०५ गुण मिळवले, आयर्टन सेनाने ९४. पण नियमाने मोजले तेव्हा सेनाचे ९० आणि प्रोस्टचे ८७ भरले, आणि जगज्जेता सेना ठरला. यावर टीकाही झाली. सातत्याला हा न्याय नाही, असा तो आक्षेप होता, आणि १९९१ पासून तिथे सर्व निकाल धरले जाऊ लागले. आक्षेप खोटा नव्हता. पण तिथे बिघडते ते यंत्र, आणि ते पुढच्या शर्यतीपूर्वी दुरुस्त होते. नोकरी-संसार सांभाळून धावणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा सुटा भाग बाजारात मिळत नाही.

म्हणून स्थानिक क्लबांनी दहापैकी उत्तम सहा शर्यती धराव्यात. दोन शर्यतींत किमान दोन आठवडे ठेवावेत, त्यातही अंतरे आलटून पालटून असावीत. जो सभासद एका रविवारी न धावता पाणी देतो, वेळ नोंदवतो किंवा वळणावर उभा राहतो, त्याला त्या दिवसाचे स्वतःच्या सरासरीइतके गुण द्यावेत. दुखावलेला माणूस त्यामुळे क्लबपासून तुटत नाही आणि लपून धावण्याची गरजही उरत नाही. आठवड्याच्या एकूण किलोमीटरना किंवा सलग दिवसांच्या धावण्याला गुण देणे मात्र टाळावे. तो थेट दुखापतीला दिलेला बोनस आहे.

वयानुसार गुणांकनही विचारात घ्यावे. प्रत्येक वयासाठी आणि लिंगासाठी एक प्रमाणवेळ ठरवलेली असते, तिच्याशी धावपटूच्या वेळेचे गुणोत्तर काढले जाते. समजा, एका वयोगटात दहा किलोमीटरची प्रमाणवेळ ३६ मिनिटे आहे आणि धावपटूला ६० मिनिटे लागली, तर त्याचे ६० टक्के. तिशीतल्या तरुणाची प्रमाणवेळ २७ मिनिटे धरली आणि त्याला ५० मिनिटे लागली, तर त्याचे ५४. दहा मिनिटे मागून आलेली व्यक्ती गुणांत पुढे जाते. साठीतल्या सभासदाला मग विशीतल्यामागे फरफटत जाण्याचे कारण राहत नाही.

हे सगळे हंगामाच्या आधी लिहून जाहीर करावे आणि मधे बदलू नये, नाहीतर भांडणे ठरलेलीच. आणि फेब्रुवारीत चषक वाटण्यापूर्वी संयोजकांनी आणखी एक आकडा काढावा. पहिल्या शर्यतीला आलेल्यांपैकी किती जण अजून विनादुखणे धावत आहेत? हा आकडा मोठा असेल, तर ती स्पर्धा क्लबने जिंकली.