तुंबलेले खटले आणि बारा नागरिक

इंग्लंड व वेल्समधील क्राऊन कोर्टांत निकालाची वाट पाहणाऱ्या खटल्यांची संख्या २०२५ च्या अखेरीस ७८ हजारांच्या पुढे गेली होती. करोनाच्या साथीपूर्वी ती ३८ हजारांच्या आसपास होती. काही खटल्यांना २०२९ च्या पुढच्या तारखा पडू लागल्या आणि काहीच केले नाही तर २०२८ पर्यंत हा आकडा एक लाखावर जाईल, असा इशारा सरकारनेच दिला. या पार्श्वभूमीवर २ डिसेंबर २०२५ रोजी उपपंतप्रधान व न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी कॉमन्स सभागृहात एक योजना मांडली. ज्या गुन्ह्यांत तीन वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षा होण्याचा संभव आहे, असे बरेचसे खटले यापुढे ज्यूरीविना, एकट्या न्यायाधीशापुढे चालावेत. मॅजिस्ट्रेटांना दीड वर्षापर्यंत कैदेची शिक्षा देण्याचा अधिकार असावा. आणि आपला खटला ज्यूरीपुढे चालवा, असे सांगण्याचा आरोपीचा हक्क काढून घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. खून, बलात्कार यांसारख्या गंभीर गुन्ह्यांना अर्थातच ज्यूरी राहणार होती.

या योजनेवर जे वादळ उठले त्यात १२१५ च्या मॅग्ना कार्टाचा जयघोष मोठ्या प्रमाणावर झाला. तो फारसा उपयोगाचा नाही. त्या सनदेतील ‘समकक्षांचा निवाडा’ म्हणजे उमरावांनी उमरावांचा केलेला निवाडा. आजच्या ज्यूरीशी त्याचे नाते दूरचे आहे. शिवाय, इंग्लंडमधील फौजदारी खटल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के आजही ज्यूरीविना, मॅजिस्ट्रेटांपुढेच निकालात निघतात. पवित्र परंपरेचा भंग झाला हो, असे ओरडणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक असते. पण ते सांगण्याची घाई कोणाला नसते.

सरकारची बाजू पोकळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. तक्रार नोंदवून तीन-चार वर्षे वाट पाहत बसलेली स्त्री अखेर कंटाळून माघार घेते, साक्षीदार गाव सोडून जातात, आठवणी पुसट होतात. चोरी, मारहाण, अमली पदार्थ जवळ बाळगणे असे काही गुन्हे मॅजिस्ट्रेटापुढेही चालू शकतात आणि क्राऊन कोर्टातही. त्यांतला मुरलेला आरोपी ज्यूरीची मागणी करतो, ती न्यायाच्या ओढीने नव्हे, तर तारीख लांबावी म्हणून, असा सरकारचा आरोप आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. दुसऱ्या बाजूला सतरा हजारांहून अधिक माणसे खटल्याची किंवा शिक्षेची वाट पाहत तुरुंगात पडून होती. त्यांतील काही उद्या निर्दोष ठरतील. विलंबाने पीडित आणि आरोपी दोघेही भरडले जातात.

तेव्हा खरा प्रश्न असा, की हा विलंब ज्यूरीमुळे झाला काय?

२०१० नंतरच्या दहा वर्षांत हुजूर पक्षाच्या सरकारांनी काटकसरीच्या नावाखाली इंग्लंड व वेल्समधील जवळजवळ निम्मी मॅजिस्ट्रेट न्यायालये बंद केली. इमारती विकल्या गेल्या. २०१२ च्या कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळण्याची सोय आखडली गेली. फौजदारी काम करणाऱ्या बॅरिस्टरांचे उत्पन्न असे घटले, की तरुण वकील त्या शाखेकडे फिरकेनासे झाले आणि २०२२ मध्ये बॅरिस्टरांना, काळे झगे घालून, न्यायालयांच्या पायऱ्यांवर संप करून उभे राहावे लागले. क्राऊन कोर्टे वर्षाला किती दिवस चालवायची याची मर्यादा सरकार ठरवत असे. न्यायाधीश आहे, खोली आहे, पण त्या दिवसाचा पैसा मंजूर नाही म्हणून दार बंद, असे प्रकार साथीच्या आधीच्या वर्षांतही घडत होते. त्यानंतर मार्च २०२० मध्ये साथ आली आणि ज्यूरीचे नवे खटले काही आठवडे थांबलेच. या यादीत बारा सामान्य नागरिकांचा दोष कोठे आहे, ते शोधूनही सापडत नाही. ज्या हुजूर पक्षाने ही घडी विस्कटली त्यानेच आज ज्यूरीच्या रक्षणाचा झेंडा खांद्यावर घ्यावा, हा राजकारणातला विनोद आहे. पण लॅमी यांच्या योजनेचे समर्थन त्यातून होत नाही.

ही योजना ज्या अहवालाचा आधार घेते, तो सर ब्रायन लेव्हसन यांचा. निवृत्त न्यायमूर्ती लेव्हसन यांनी जुलै २०२५ मध्ये आपल्या अहवालाचा पहिला भाग सादर केला. मधल्या प्रकारच्या गुन्ह्यांसाठी त्यांनी ज्यूरी वगळावी असे सुचवले खरे. पण तिच्या जागी एक न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट असे तिघांचे पीठ बसवावे, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडमधील बहुसंख्य मॅजिस्ट्रेट कायद्याचे पदवीधर नसतात. शिक्षक, दुकानदार, निवृत्त कर्मचारी असे मानसेवी नागरिक असतात. म्हणजे बाराऐवजी दोन का होईना, पण सामान्य माणूस निवाड्याच्या आसनावर राहणार होता. सरकारने ते दोघेही वगळले. लेव्हसन यांनी असेही म्हटले होते, की क्राऊन कोर्टांच्या कामकाजाचे दिवस वर्षाला १,३०,००० पर्यंत नेले पाहिजेत. (एका न्यायदालनाचे एका दिवसाचे काम म्हणजे एक दिवस, असा हा हिशेब असतो.) सरकारने २०२५-२६ साठी मंजूर केले १,११,२५०. हा आजवरचा उच्चांक आहे, असे मंत्री अभिमानाने सांगत राहिले. औषधाच्या चिठ्ठीतील महागडे औषध अर्धेमुर्धे घ्यायचे आणि फुकटचे पथ्य मात्र दुप्पट पाळायचे, असा हा प्रकार झाला.

एकट्या न्यायाधीशापुढे खटला चालल्यास निदान वीस टक्के वेळ वाचेल, असा लेव्हसन यांचा अंदाज आहे. ज्यूरीची निवड, तिला कायदा समजावून सांगणे, तिची खलबते, एवढ्या गोष्टी वाचतील हे उघड आहे. पण एकट्या न्यायाधीशाला आपल्या निर्णयाची कारणे सविस्तर द्यावी लागतील आणि ती लिहायला वेळ लागतो. कारणे लिहिली जाणे हा एक लाभच आहे, हेही खरे. ज्यूरी ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ यापलीकडे एक अक्षर बोलत नाही. परंतु तुरुंगातून आरोपीला आणणारी गाडी दोन तास उशिरा आली, बॅरिस्टर मिळाला नाही, छपरातून पाणी गळते म्हणून खोली बंद राहिली, तर हा वेळ ज्यूरी काढून टाकल्याने कसा वाचणार, याचे उत्तर या अंदाजात नाही.

या ठिकाणी महाराष्ट्राच्या वाचकाला आपला इतिहास आठवणे स्वाभाविक आहे. ज्यूरी म्हणजे स्वातंत्र्याचा किल्ला, हे वाक्य मुंबईत कधीच पुरते खरे नव्हते. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपीय ज्यूररांनी त्यांना दोषी ठरवले आणि तिघा भारतीयांनी निर्दोष. १९०८ मध्ये पुन्हा तेच. सात विरुद्ध दोन, आणि टिळक मंडालेला गेले. ज्यूरीची ताकद तिच्या संख्येत नसून तीत कोण बसते यात आहे, हा धडा मुंबई हायकोर्टाच्या भिंतींनी दोनदा पाहिला. पुढे १९५९ मध्ये कमांडर नानावटी यांना ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवले. सेशन्स न्यायाधीशांना तो कौल विपरीत वाटला आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. या एका खटल्याने भारतातील ज्यूरी गेली अशी लोकांची समजूत आहे; वस्तुतः विधी आयोगाने ती रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच केली होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. (पारशी समाजाच्या विवाहविषयक दाव्यांत मात्र समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशाच्या जोडीला बसण्याची पद्धत १९३६ च्या कायद्याने पुढेही चालू ठेवली.)

मग ज्यूरी गेल्यावर भारतातील न्यायदान वेगवान झाले काय? देशातील न्यायालयांत आज पाच कोटींहून अधिक दावे व खटले पडून आहेत. त्यांत एकही ज्यूरी नाही. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा, सरकार पक्षाची दिरंगाई, तारखांवर तारखा आणि अपुरी न्यायालये ही कारणे भारतात जितकी खरी आहेत तितकीच, प्रमाण वेगळे असले तरी, इंग्लंडमध्ये खरी आहेत. ज्या देशाने ज्यूरी अर्ध्या शतकापूर्वी मोडीत काढली त्याची अवस्था पाहण्याची तसदी लंडनमधील योजनाकारांनी घेतली असती, तर वेळ वाचवण्याच्या युक्तिवादावर त्यांनी एवढा भार टाकला नसता.

ज्यूरी चुकते, हे सांगायला नको. अँड्र्यू माल्किन्सन या माणसाला २००४ मध्ये ज्यूरीने दहा विरुद्ध दोन मतांनी बलात्काराबद्दल दोषी ठरवले. सतरा वर्षे तुरुंगात काढल्यानंतर २०२३ मध्ये तो निर्दोष ठरला. ब्रिटिश पोस्टाच्या सदोष संगणकप्रणालीमुळे नऊशेहून अधिक पोस्टचालकांवर चोरी व खोट्या हिशेबांचे शिक्के बसले. त्यांत भारतीय वंशाची माणसे पुष्कळ होती. त्यांतील काहींना ज्यूरीनेच दोषी ठरवले, कारण संगणक खोटे बोलत नाही असे ज्यूरीलाही सांगितले गेले होते. अखेर २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून ते निकाल पुसावे लागले. संस्थेने लपवलेले सत्य बारा माणसांना दिसत नाही, तसे एकालाही दिसत नाही.

तरीही एक जागा अशी आहे की जेथे बाराजणांचे काम एकटा न्यायाधीश करू शकत नाही. १६७० मध्ये लंडनमध्ये विल्यम पेन व विल्यम मीड यांना दोषी ठरवण्यास ज्यूरीने नकार दिला, तेव्हा तिला अन्नपाण्याविना कोंडून ठेवण्यात आले आणि पुढे दंडही झाला. एडवर्ड बुशेल नावाच्या ज्यूररने दंड भरण्याचे नाकारले आणि ज्यूरीला तिच्या कौलाबद्दल शिक्षा करता येणार नाही, हे तत्त्व त्यातून कायम झाले. ही कथा जुनी म्हणून बाजूला ठेवली तरी १९८५ ची गोष्ट जुनी नाही. फॉकलंड युद्धात ‘जनरल बेलग्रानो’ ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली गेली, त्याविषयी मंत्री पार्लमेंटपासून माहिती दडवत आहेत असे वाटून संरक्षण खात्यातील क्लाइव्ह पॉंटिंग या अधिकाऱ्याने कागदपत्रे एका खासदाराकडे पाठवली. त्याच्यावर गोपनीयतेच्या कायद्याखाली खटला झाला. राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार जे ठरवील ते, असे न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावून सांगितले. कायदा त्यांच्या बाजूने होता. ज्यूरीने पॉंटिंगला सोडून दिले.

तो ज्या कलमाखाली उभा होता त्याची कमाल शिक्षा होती दोन वर्षे. १९८९ च्या नव्या गोपनीयता कायद्यातही बहुतेक गुन्ह्यांना तेवढीच आहे. लॅमी यांच्या तीन वर्षांच्या रेषेने मोजले, तर असा अधिकारी उद्या ज्यूरीसमोर येण्याचा संभव जवळजवळ संपतो. २०२२ च्या जानेवारीत ब्रिस्टल येथे गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा पाडणाऱ्या चौघांना ज्यूरीने सोडले, तेही प्रकरण बहुधा याच रेषेच्या आत पडले असते. तो निकाल बरोबर होता की नाही यावर मतभेद होतील आणि ते असणे योग्यच आहे. पण सरकार आणि नागरिक यांच्यातील छोटी भांडणे कायद्याच्या पुस्तकात नेहमी छोट्या शिक्षेचीच असतात. ज्या खटल्यात ज्यूरीची गरज सर्वांत अधिक, नेमका तोच खटला ‘किरकोळ’ म्हणून तिच्या हातून निसटतो.

लॅमी यांना हे ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये त्यांनीच अल्पसंख्याकांच्या वाट्याला येणाऱ्या न्यायासंबंधी अहवाल लिहिला होता. न्यायव्यवस्थेच्या पायरीपायरीवर वंशाप्रमाणे फरक पडताना दिसत असता, ज्यूरीच्या कौलात मात्र तो दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. न्यायाधीश व मॅजिस्ट्रेट यांच्यात समाजाचे प्रतिबिंब २०२५ पर्यंत उमटावे, हेही उद्दिष्ट त्यांनीच सुचवले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. आणि त्याच २०२५ सालच्या डिसेंबरात निवाडा त्या न्यायाधीशांकडेच सोपवण्याची योजना त्यांनी मांडली. २०२० मध्ये विरोधी बाकांवर असताना ज्यूरीविना खटले चालवण्यास त्यांनी जाहीर विरोध केला होता. मजूर पक्षात याला पूर्वपरंपराही आहे. हुजूर पक्षाच्या अशाच एका प्रस्तावाला जॅक स्ट्रॉ यांनी १९९७ मध्ये अदूरदर्शी ठरवले आणि गृहमंत्री झाल्यावर स्वतःच तसे विधेयक आणले. उमरावांच्या सभागृहाने ते हाणून पाडले. गुंतागुंतीच्या आर्थिक घोटाळ्यांतून ज्यूरी वगळण्याचे २००३ च्या कायद्यातले कलम तर कधी अमलातच आले नाही आणि २०१२ मध्ये रद्द झाले.

अमलात आलेले एक उदाहरण मात्र आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९७३ मध्ये, दहशतवादाच्या खटल्यांपुरती, आणीबाणीचा तात्पुरता उपाय म्हणून ज्यूरीविना न्यायालये सुरू झाली. त्यांना लॉर्ड डिप्लॉक यांचे नाव मिळाले. ती २००७ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. पण त्याच वर्षीच्या कायद्याने काही खटले ज्यूरीविना चालवण्याची मुभा पुन्हा दिली आणि त्या मुभेला पार्लमेंट दर दोन वर्षांनी मुदतवाढ देत आले. तेथे निदान बॉम्ब आणि बंदुका होत्या, ज्यूररांना धमक्या येत होत्या. येथे कारण आहे ते अर्थखात्याचा हिशेब.

ज्यूरीच्या गदारोळात या योजनेतील दुसरे एक कलम जवळजवळ कोणाच्या नजरेत आले नाही. मॅजिस्ट्रेटाच्या निकालाविरुद्ध क्राऊन कोर्टात अपील करण्याचा आरोपीला आजवर आपोआप हक्क होता. नव्या योजनेत त्याला आधी परवानगी मागावी लागेल, कोठे चूक झाली ते दाखवावे लागेल. त्याच वेळी मॅजिस्ट्रेटाचा शिक्षेचा अधिकार दीड वर्षापर्यंत वाढतो आहे. ज्याला वकील परवडतो त्याचा अर्ज वकील लिहील. ज्याला परवडत नाही, त्याला तो तुरुंगाच्या कोठडीत बसून स्वतःच लिहावा लागेल.