कोऱ्या पात्यास लोहाराचें पाणी

मालमोटारीच्या मोडक्या कमानीचा पाटा कापून घरींच कोयत्याचें पातें तयार करण्याची चाल कांहीं शेतकरी बंधूंनीं धरली आहे. त्यांत गैर कांहींच नाहीं. त्या पोलादांत कर्बाचें प्रमाण बहुधा शेंकडा 0.6 च्या आसपास असतें, म्हणून तें पाणी चांगलें धरतें. परंतु पातें कापणें निराळें व त्यास पाणी देणें निराळें. हें दुसरें काम जाणत्या लोहारानेंच करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सुमारें 770 अंश सेल्सिअसला पोलादास लोहचुंबक चिकटेनासें होतें. त्याहून थोडें अधिक तापवून लोहार पातें तेलांत बुडवितो. साध्या पाण्यांत बुडविल्यास तडा जाण्याचें भय असतें. पण तेवढ्यानें पातें काचेसारखें ठिसूळ होतें, आणि उंसाच्या कांड्यावर तुकडा उडून इजा व्हावयाची! म्हणून तें घासून, मंद आंचेवर तपकिरी-जांभळा रंग चढेपर्यंत पुनः तापवावें लागतें. तो क्षण ओळखणारी नजर विकत मिळत नाहीं.

तरीही ‘पातें तर आमचेंच’ म्हणून लोहाराची चहावर बोळवण होते. जुन्या दप्तरांत बलुत्याच्या तंट्यांचे कागद आम्हीं पाहिले आहेत. तेव्हां निदान धान्यासाठीं भांडतां तरी येई. आतां धान्य नाहीं, रोकडही नाहीं, मग त्यानें भाता कां चालवावा? संस्थेनें पाणी देण्याचा दर ठरवून फलकावर लावावा, व ऊसतोडीपूर्वीं सभासदांचीं पातीं पैशांसह एकदम लोहाराकडे धाडावीं.