विश्लेषण : रुग्णालयात ज्येष्ठांचे ताट भरलेले, पोट रिकामे का?

सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांना खाट देण्याची तरतूद कायद्यात आहे. घास भरवण्याची नाही. औंध-आटपाडी पट्ट्यात ही उणीव अधिक जाणवते.

याच पट्ट्यात का?

जुन्या औंध संस्थानातील औंध आज साताऱ्यात, तर आटपाडी सांगलीत आहे. या दुष्काळी भागातील अनेक तरुण गलाई व्यवसायासाठी परराज्यात किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत असतात. रुग्णाला उठवणे, भरवणे, शौचाला नेणे ही कामे मात्र नातेवाईकच करतील, असे रुग्णालयात गृहीत धरले जाते. गावी एकटे राहणारे आजी-आजोबा दाखल झाले, की हे गणित कोलमडते.

अडचण नेमकी कुठे?

हाताला सलाइन, कवळी घरी आणि ताट दूर, अशा स्थितीत जेवण तसेच परत जाते. शौचाला कोण नेणार, या संकोचाने अनेकजण पाणीही कमी पितात.

उपचारावर काय परिणाम?

युरोपीय आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्येष्ठांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला ५० ग्रॅम. एका अंड्यातून मिळतात सुमारे सहा. ती न मिळाल्यास स्नायू झिजतात, जखम उशिरा भरते, चालताना तोल जातो.

कायदा काय सांगतो?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २० मध्ये शक्य तितक्या खाटा, स्वतंत्र रांग आणि जिल्हा रुग्णालयात राखीव सुविधा यांचा उल्लेख आहे, आहाराचा नाही. याउलट, २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीचा मोफत आहार दिवसांसह ठरलेला आहे : सामान्य प्रसूतीनंतर तीन, सिझेरियननंतर सात दिवस.

उपाय काय?

ब्रिटनमधील स्टॅफर्ड रुग्णालयात रुग्णांच्या हाती लागणार नाही असे अन्नपाणी ठेवले जात होते, हे २०१३ च्या फ्रान्सिस अहवालाने उघड केले. तिथल्या अनेक रुग्णालयांत मदतीची गरज असलेल्यांचे ताट लाल असते. आपल्याकडेही दाखल करताना वजन घेणे, चावता येते का हे विचारणे, किती खाल्ले हे केसपेपरवर लिहिणे आणि भरवण्याची जबाबदारी ठरवून देणे शक्य आहे. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत; जेवणाच्या वेळी वॉर्डात एक मोकळा माणूस लागतो. ते पद मंजूर होणार का, हाच खरा प्रश्न आहे.