प्रश्न मुलांचे, शब्द कोणाचे?

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा पाठ आला की अनेक वर्गांत ठरलेला प्रकार घडतो. आकृतीवरून घाईने नजर फिरविली जाते, ‘उरलेले घरी वाचा’ असे सांगण्यात येते आणि तास पुढे सरकतो. मुले घरी शोध घेतात खरा. पण पुस्तकात नव्हे, मोबाइलच्या पडद्यावर. तेथे जे मिळते त्याला शिक्षण म्हणता येत नाही.

याचा दोष शिक्षकाला देणे सोपे आहे. परंतु त्याच्या हाती साधने कोणती दिली गेली? केंद्राने २००५ मध्ये आखलेला किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात २००७ मध्ये गुंडाळण्यात आला. साहित्यातील चित्रांवर आक्षेप होता. तो रास्त मानला तरी चित्रे बदलता आली असती. बंदी मात्र विषयावरच आली. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितले होते. ज्या मुलाला आपल्या अवयवांची नावे सभ्य शब्दांत उच्चारता येत नाहीत, त्याने आपले दुःख सांगावे तरी कोणत्या भाषेत? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अपराध्याला शिक्षा ठरविली. मुलाला शब्द देण्याचे काम शाळेचे आणि घराचेच आहे.

असे शब्द मराठीला परके नाहीत. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि वाचकांच्या शंकांना सरळ मराठीत उत्तरे दिली. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांची रीत मात्र आजच्या शिक्षकालाही उपयोगी पडेल: आधी प्रश्न ऐकावा, मग उत्तर लिहावे.

२०२० मध्ये आरंभलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना या कामासाठी तयार करण्याची योजना आहे. त्यांना केंद्राच्या पुस्तिकेचा आधार मिळेल. पण वर्गाची भाषा त्यांनाच शोधावी लागेल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. निनावी चिठ्ठ्यांसाठी वर्गात एक पेटी ठेवावी. जमलेल्या प्रश्नांची वयानुसार विभागणी करून, स्थानिक डॉक्टरांकडून तपासून घेऊन, उत्तरांची वही तयार करावी. लहानांसाठी अवयवांची नावे आणि नकोसा स्पर्श. पाचवी ते सातवीच्या मुलामुलींसाठी मासिक पाळी व वयात येणे. पुढे आकर्षण, संमती, मोबाइलवर पाठविली जाणारी छायाचित्रे आणि समोरच्याचा नकार सन्मानाने स्वीकारणे. हा शेवटचा धडा प्रजननाच्या आकृतीत सापडत नाही, आणि त्याचीच निकड सर्वांत अधिक आहे.

अशा शिक्षणाने मुले बहकतील, ही पालकांची भीती प्रामाणिक असली तरी निराधार आहे. जगभरच्या संशोधनाचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ मध्ये नेमके तेच नमूद केले. तथापि पालकांना वगळून हे काम टिकणार नाही. म्हणून ती वही वर्गात उघडण्यापूर्वी पालकसभेत वाचून दाखवावी. आक्षेप आला तर वाक्य बदलावे. पण २००७ प्रमाणे वहीच मिटवू नये.