माळ लांबली, म्हणून कावीळ उतरली?

जालना जिल्ह्यातील अनेक गावांची उन्हाळ्यातली तहान टँकरवर भागते. टँकरचे पाणी विहिरीत आणि तिथून घरच्या पिंपात येते. पहिल्या पावसात उघड्यावरची घाण त्याच विहिरीत उतरते. मग काही आठवड्यांनी कुणाचे डोळे पिवळे दिसतात आणि घरचे लोक कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतात.

गळ्यात काड्यांची माळ पडते. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. रुग्णही बरा होतो आणि श्रेय माळेला मिळते. खरे तर दूषित पाण्यातून होणारा हिपॅटायटिस ए किंवा ई बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.

पण कावीळ हा आजार नव्हे, ते यकृत बिघडल्याचे लक्षण आहे. त्यामागे हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, तर पिवळेपणा गेला तरी विषाणू राहू शकतो. रक्तातून, एकाच सुईच्या वापरातून किंवा बाळंतपणात आईकडून बाळाला होणारा हा संसर्ग वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि सिरॉसिस किंवा यकृताच्या कर्करोगापर्यंत नेतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. तिथे माळेत गेलेला आठवडा फार महाग पडतो.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत देण्याची तरतूद आहे. हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांमध्ये पूर्ण बरा होतो. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत बीची लस मिळाली, तर पुढचा मोठा धोका टळतो.

तरीही सारा दोष अंधश्रद्धेवर ढकलणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे हजारो लोकांना कावीळ झाली, काहींचे प्राण गेले. त्यांचा दोष एवढाच, की ते नळाचे पाणी प्यायले. विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते का, ओटी टेस्ट रोज होते का, हे ग्रामसभेत विचारायला हवे. घरात पाणी उकळावे किंवा मेडिक्लोर टाकावे. डोळे पिवळे दिसताच रक्ततपासणी करावी.

माळ गळ्यात असली तरी हरकत नाही, तपासणीचा कागद मात्र हातात हवा.