व्हॉल्व्ह नक्की कुठे बसवलाय?

मंडळी, 'व्हॉल्व्हचा आवाज' म्हटलं की हल्ली काहीही खपतं. आमच्याकडची ऑर्केस्ट्रातली पोरं उसनवारी करून असले ॲम्प्लिफायर आणतात. पुढे काचेआड एक मिणमिणता व्हॉल्व्ह, मागे सगळे ट्रान्झिस्टर. नाव काय, तर हायब्रिड!

१९७०च्या दशकात म्युझिक मॅनने (लिओ फेंडर तिथेच होते) नेमकं उलटं केलं होतं. पुढचा नाजूक भाग ट्रान्झिस्टरचा, स्पीकरला ढकलणारा भाग व्हॉल्व्हचा. इलेक्ट्रिक गिटार जोरात वाजली की व्हॉल्व्हमध्ये आवाज हळूहळू, गोलाईने फाटतो. ट्रान्झिस्टरमध्ये कात्रीने कापल्यासारखा. म्हणजे कष्टाच्या जागी व्हॉल्व्ह हवा. १९९१च्या मार्शल व्हॉल्व्हस्टेटने तो पुन्हा पुढे आणला. जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर वाचला खरा, पण त्याबरोबर ती गोलाईही गेली.

स्टील गिटारवाल्यांनी तर हा हट्टच सोडावा. लोणी भापकरला लग्नाच्या मांडवात व्हॅन शिप्लेंच्या रेकॉर्डी पत्र्याच्या कर्ण्यावर वाजायच्या, तरी मींड ऐकू यायची. ती तारेवरून सरकणाऱ्या कांडीत असते हो! त्या लांबलेल्या सुराला स्वच्छ आवाज लागतो. अमेरिकेतल्या पेडल स्टीलवाल्यांनी पीव्हीचा सेशन ४०० आपलासा केला, तो निव्वळ ट्रान्झिस्टरचाच.

असो. जुना म्युझिक मॅन मिळाला तर जरूर घ्या. व्हॉल्व्ह कुठे आहेत ते मागून पाहा, पण हात आत घालू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.